पडदा काळा झाला म्हणजे बोर्ड गेला असं नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षं वापरलेला १५.६ इंची विंडोज लॅपटॉप परवा रात्री चालू असतानाच एकदम काळा झाला. पंखा फिरतोय, पॉवरचा दिवा लागतोय, कॅप्स लॉक दाबलं की त्याचाही दिवा लागतो-विझतो, पण पडद्यावर काही नाही. जवळच्या दुकानदाराने पाच मिनिटांत ‘मदरबोर्ड गेला, १४,००० होतील’ असं सांगितलं. मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं सगळं काम आत अडकलंय आणि सबमिशन पुढच्या आठवड्यात आहे.

कॅप्स लॉकचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ तीच. तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये बटण दाबल्याची वर्दी प्रोसेसरपर्यंत जाते आणि तिकडून हुकूम आला की दिवा लागतो. म्हणजे आत कोणीतरी जागं आहे. बोर्ड, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पट्टी, पूर्ण मेला असता तर दिवा ढिम्म राहिला असता. म्हणून ते १४,००० आत्ता खिशातच ठेवा. बोर्डावरचा ग्राफिक्सचा, म्हणजे चित्र तयार करणारा, भाग गेला असेल, ही शक्यता उरतेच. पण रांगेत ती पुष्कळ मागे उभी आहे.

मी कोकणात वीसेक वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतोय. काउंटरवर येणारा प्रत्येक जण ‘डिस्प्ले गेला’ एवढंच म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन ‘अंगात बरं नाही’ म्हणण्यासारखंच ते. काळा पडदा हा आजार नाही, लक्षण आहे. आणि ते कशाचं लक्षण आहे हे बऱ्याचदा घरच्या घरी, एकही स्क्रू न काढता कळतं.

आज रात्रीच एक करा. खोलीतला दिवा बंद करा, लॅपटॉप चालू करून दोन मिनिटं थांबा, म्हणजे विंडोज वर येईल. मग मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरपा धरा आणि हळूहळू सगळीकडे फिरवा. खूप पुसट, जुन्या कार्बन कॉपीसारखं काही दिसतंय का? तारीख, वेळ, एखादा आयकॉन? नीट बघा, घाई करू नका. पहिल्या फेरीत ते हमखास निसटतं.

ही करामत चालते कशी, तर एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे पांढऱ्या एलईडींची पट्टी असते, आणि पुढचे स्फटिक फक्त तो उजेड कुठे सोडायचा, कुठे अडवायचा एवढंच ठरवतात. खिडकीला लावलेल्या चिकासारखं. मागचा दिवा विझला तरी चिकाची नक्षी जागेवरच असते, आपल्याला दिसत नाही इतकंच. टॉर्चमध्ये पुसट चित्र दिसलं, तर बोर्डाचा मुख्य भाग ठीक आहे, ग्राफिक्स ठीक आहे, विंडोज ठीक आहे, पडद्याचा काचेचा भागही ठीक आहे. फक्त बॅकलाइट गेला. (तुमचा पडदा ओएलईडी असेल तर ही परीक्षा लागू नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मागे दिवाच नसतो. पण पाच वर्षांपूर्वीच्या साध्या १५.६ इंची मशीनमध्ये ओएलईडी असण्याची शक्यता कमीच.)

पूर्वी या मागच्या दिव्याच्या जागी बारीक ट्यूबलाइट असायची, सीसीएफएल म्हणायचो आम्ही तिला. तिला शेकडो व्होल्ट पुरवणारी इन्व्हर्टरची पट्टी वेगळी असे. ट्यूब म्हातारी झाली की पडदा सुरू होताना गुलाबीसर दिसायचा आणि गिऱ्हाईक आधीच सावध व्हायचं. एलईडी आल्यापासून ती पूर्वसूचना गेली. आता जातो तो एकदम जातो.

दुसरी परीक्षा टीव्हीची, आणि तुमच्यासाठी ती जास्त महत्त्वाची, कारण प्रोजेक्ट त्याच वाटेने बाहेर निघणार आहे. एचडीएमआय केबल टीव्हीला लावा, टीव्हीवर तेच इनपुट निवडा आणि मग लॅपटॉप चालू करा. दोन-तीन मिनिटं वाट बघा; काही मॉडेलं विंडोज वर येईपर्यंत बाहेरच्या पडद्यावर काहीच दाखवत नाहीत. टीव्हीवर फक्त वॉलपेपर आला आणि लॉगिनची चौकट दिसली नाही, तर घाबरू नका, ती चौकट काळ्या पडद्यावर आली आहे. स्पेस दाबा, दोन सेकंद थांबा, पिन टाका, एंटर. आंधळेपणाने केलेलं हे लॉगिन बहुतेक वेळा जमतं. नंतर विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि एंटर. फरक पडला नाही तर पुन्हा तेच करा, फक्त या वेळी एंटरच्या आधी पी दोनदा दाबा. मूळ पडदा, दोन्हीकडे सारखं, जोडून लांब केलेला आणि फक्त दुसरा अशा चार पर्यायांतून आपण न बघता चाललोय, म्हणून दोन-तीन प्रयत्न लागतात.

चित्र आलं की दुसरं काहीही करू नका. आधी पेन ड्राइव्ह लावा आणि प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करा. मग डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो. सगळं दोन ठिकाणी ठेवा. टीव्हीवर चित्र आलं म्हणून खुशीत येऊन लोक ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) अपडेट करायला बसतात, आणि मग खरोखर अडकतात.

एक सावधगिरी. टीव्हीवर काही आलं नाही म्हणजे बोर्ड गेलाच, असं नाही. काही मशीनमध्ये, खास करून गेमिंगच्या, एचडीएमआयचं भोक वेगळ्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं आणि मुख्य पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला. एक झोपलं तरी दुसरं जागं असू शकतं. टाइप-सीचं प्रत्येक भोकही चित्र देत नाही. शेजारच्यांचा टीव्ही, दुसरी केबल, दुसरं भोक असं करून बघा आणि मगच निष्कर्ष काढा.

या दोन परीक्षांची उत्तरं जोडली की बरंच काही उलगडतं. टीव्हीवर चित्र आहे आणि टॉर्चमध्येही पुसट दिसतंय, तर बॅकलाइटची वाट तुटली आहे: फ्यूज, केबल किंवा पॅनेलमधली, म्हणजे पडद्याच्या भागातली, एलईडी पट्टी. टीव्हीवर आहे पण टॉर्चमध्ये काहीच नाही, तर चित्रच पडद्यापर्यंत पोचत नाही: केबल, पॅनेल किंवा पॅनेलला जाणारा ३.३ व्होल्टचा पुरवठा. टीव्हीवरही नाही आणि टॉर्चमध्येही नाही, तेव्हाच रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम), ग्राफिक्स आणि बोर्ड यांच्याकडे बोट दाखवायचं. तुमच्या दुकानदाराने पाच मिनिटांत यातलं काय काय केलं, ते मला ठाऊक नाही. पण ‘बाहेरच्या मॉनिटरवर लावून बघितलं का’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता पैसे न लागणारे उपाय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. बारीक बीप ऐकू आली तर विंडोज जिवंत असल्याचा तो आणखी एक पुरावा. ब्राइटनेस वाढवायचं बटणही आठ-दहा वेळा दाबून बघा. हसू नका, काही मॉडेलांत ब्राइटनेस तळाला नेला की बॅकलाइट पूर्ण विझतो, आणि असे दोन-तीन लॅपटॉप दर वर्षी माझ्याकडे येतात. त्यांचे मी पैसे घेत नाही, चहा घेतो.

त्यानंतर पूर्ण वीज तोडणं. चार्जर काढा, पेन ड्राइव्ह, माउस, मेमरी कार्ड सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवरचं बटण तीस-चाळीस सेकंद दाबून धरा, सोडा, मिनिटभर थांबा आणि फक्त चार्जर लावून चालू करा. थिंकपॅड असेल तर बहुतेकदा तळाशी टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, चार्जर काढून ते दाबायचं. बॅटरी आत बंद असली तरी बऱ्याच मॉडेलांत बटण एवढा वेळ धरल्यावर हेच घडतं. हा जादूटोणा नाही. प्रत्येक लॅपटॉपमध्ये बटणं, चार्जिंग, पंखा, झाकण यांच्यावर नजर ठेवणारी एक छोटी चिप असते, तिला आम्ही ईसी म्हणतो. लॅपटॉप ‘बंद’ असतानाही ती जागी असते, म्हणून ती गोंधळली तर नुसतं बंद-चालू करून सुटका होत नाही. तिची वीजच तोडावी लागते.

विंडोजमधलं ‘शट डाउन’ही पूर्ण बंद नसतं, हे पुष्कळांना माहीत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर तसाच गुंडाळून ठेवतं आणि सकाळी तोच उलगडतं, कालच्या गोंधळासकट. खरं नव्याने सुरू होणं ‘रीस्टार्ट’मध्ये आहे.

इथे एक किस्सा सांगतो, कारण तो नेमका ‘चालू असताना एकदम काळा’ याचाच आहे. विम्याचं काम करणारे एक गृहस्थ आले. लॅपटॉप मध्येच काळा होतो, थोड्या वेळाने आपोआप परत येतो. दोन दुकानं फिरून झालेली, एका ठिकाणी पॅनेलही बदललेलं. माझ्याकडे दोन दिवस ठेवला, एकदाही बंद पडला नाही. ते न्यायला आले, टेबलावर बसून टाइप करायला लागले, आणि पाचव्या मिनिटाला काळा. त्यांच्या डाव्या मनगटावर रक्तदाबासाठी म्हणून घातलेला चुंबकाचा पट्टा होता. झाकण बंद झालंय का हे लॅपटॉपला कळतं ते चुंबकामुळे: पडद्याच्या कडेत एक चुंबक बसवलेला असतो आणि खाली तळहात टेकतो त्या भागात तो ओळखणारा सेन्सर. पट्टा तिथे टेकला की लॅपटॉपला वाटायचं, मालकाने झाकण मिटलं, झोपावं. चुंबकाचं मोबाइल कव्हर, एकावर एक ठेवलेले दोन लॅपटॉप, चुंबकाची क्लिप असलेली पर्स, कशानेही हे होतं. तुमचा लॅपटॉप कायमचाच काळा आहे, म्हणजे हे कारण नसावं. पण मशीनच्या आसपास असं काही ठेवलंय का, एकदा बघा.

माझा खरा संशय बिजागरीवर आहे. तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारतो: गेल्या काही महिन्यांत झाकण उघडताना कट्‌ असा आवाज यायचा का? एका बाजूला फट पडली आहे का? झाकण थोडं मागे-पुढे केलं की पडदा लुकलुकायचा का? पाच वर्षांच्या मशीनमध्ये ही कहाणी इतकी ठरलेली आहे की मी लॅपटॉप हातात घेतल्यावर आधी चालू करत नाही, आधी उघड-मीट करून बघतो.

बोर्डापासून पडद्यापर्यंत चित्र घेऊन जाणारी केबल बिजागरीच्या पोटातून जाते. केसापेक्षा थोड्या जाड अशा तारांचा तो गुच्छ, त्यातूनच चित्र, त्यातूनच बॅकलाइटची वीज, कॅमेऱ्याच्या तारा बहुधा सोबतच. आपण झाकण दिवसातून दहा वेळा उघडतो, तर पाच वर्षांत अठरा हजार वेळा ती केबल त्याच जागी वाकते. त्यात बिजागरी कडक झालेली असते. तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते नट प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. प्लास्टिक तडकलं की नट सुटतो, बिजागरी आपली जागा सोडते आणि केबलला चिमटा बसतो. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडायची सवय असेल तर हे लवकर होतं. मधोमध धरून उघडा, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

हा दोष साध्यासुध्या ब्रँडचाच असतो असं समजू नका. अॅपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये बॅकलाइटची चपटी केबल बिजागरीवरून गुंडाळली जाताना ताणली जायची. आधी पडद्याच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे ठिपके दिसायचे, मग एका ठरावीक कोनापलीकडे पडदा अंधारायचा. शेवटी मे २०१९ मध्ये कंपनीने त्या मशीनसाठी मोफत दुरुस्तीची योजना काढली.

तपासायचं कसं? लॅपटॉप चालू करून झाकण जेमतेम वीतभर उघडा आणि अगदी सावकाश मागे नेत जा. कुठल्यातरी कोनात क्षणभर जरी उजेड किंवा चित्र चमकलं, तर केबल. बिजागरीजवळच्या पट्टीवर हलका दाब देऊनही बघा, हलका म्हणजे चहाच्या कपाच्या कानाला लावतो तेवढा. लॅपटॉप डेलचा असेल तर आणखी एक सोय आहे. तो बंद असताना डी बटण दाबून धरा आणि पॉवर दाबा. बऱ्याच मॉडेलांत पडदा स्वतःची परीक्षा देतो, एकामागून एक रंग दाखवतो. रंग स्वच्छ आले तर पॅनेल आणि त्याचा दिवा ठणठणीत, पुढचं शोधा.

केबल निघाली तर खर्च शेकड्यांत असतो, पॅनेल निघालं तर काही हजारांत. पॅनेल घेताना मापापेक्षा मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर महत्त्वाचा. १५.६ इंच तर सगळेच म्हणतात, पण कनेक्टर ३० पिनचा आहे की ४० चा, जोडणी एलव्हीडीएसची की ईडीपीची, रेझोल्यूशन १३६६ × ७६८ की फुल एचडी, कडेला स्क्रूचे कान आहेत की नाहीत, हे सगळं जुळावं लागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळून जातं, फक्त जुनं पॅनेल किंवा त्याच्या मागचा फोटो हातात असू द्या.

तुमच्या घरात कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसणारं असेल, तर त्यांना माझा निरोप द्या: डिस्प्लेची केबल हातात घ्यायच्या आधी बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून काढा. नुसता चार्जर काढून भागत नाही. त्या केबलमध्ये बॅकलाइटचा जास्त व्होल्टचा पुरवठा आणि चित्राच्या नाजूक तारा शेजारी-शेजारी असतात. बॅटरी लावलेली ठेवून कनेक्टर तिरका ओढला किंवा तिरका घातला, की ठिणगीसुद्धा न दिसता बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडतो. तिळाएवढा असतो तो. नशीब वाईट असेल तर ते व्होल्ट चित्राच्या तारेत शिरतात आणि प्रोसेसरच जातो. यूट्यूब बघून पॅनेल बदललं आणि नवं पॅनेलही काळंच, असे जे लॅपटॉप येतात, त्यांतल्या बहुतेकांची हीच गोष्ट असते. फ्यूज उडालेला असेल तर चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे बारीक भाग बदलण्याचं, काम करणारा माणूस तो बदलून देतो. फक्त तो का उडाला हे त्याने शोधलं पाहिजे, नाहीतर पुढचाही उडतो. फ्यूजच्या जागी नुसती तार जोडून देणाऱ्यापासून मात्र लांब राहा.

कॅप्स लॉकला दाद न देणाऱ्या लॅपटॉपबद्दल थोडं सांगतो, कारण हा प्रश्न घेऊन आणखी लोक येतील. तिथे पहिला संशय रॅमवर. आमच्याकडे पहिला पाऊस झाला की आठवडाभर ‘नो डिस्प्ले’ची रांग लागते. हवेतला दमटपणा, वर खाऱ्या वाऱ्याचा मीठपणा, आणि रॅमच्या पट्टीच्या पायांवर, म्हणजे कडेच्या सोनेरी टोकांवर, बारीक थर. बॅटरी सोडवायची, रॅम काढायची, पांढऱ्या खोडरबराने पाय हलक्या हाताने पुसायचे, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने रबराचा कीस काढायचा आणि टक्‌ आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघायची. पण दरवर्षी खोडरबर घासू नका, वरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. नव्या डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) मशीनमध्ये रॅम काढून घातल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. मशीन तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतं. लोक या वेळात घाबरून बटण दाबतात आणि ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. दहा मिनिटं हात मागे बांधून बसा.

शिवाय दिवे मोजा. डेलमध्ये बॅटरीचा दिवा आधी नारिंगी आणि मग पांढरा ठरावीक वेळा लुकलुकतो, एचपीमध्ये बऱ्याचदा कॅप्स लॉकचा. ती त्याची बोली आहे, रॅम की बोर्ड की बायोस हे तो सांगत असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मॉडेलच्या नावासह कंपनीच्या साइटवर शोधा.

पडदा काळा पण माउसचा बाण दिसतोय, हा प्रकार सगळ्यात सोपा. यंत्राला काही झालेलं नाही, विंडोज अडखळलंय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नव्या टास्कमध्ये एक्सप्लोरर डॉट ईएक्सई चालवा. नाहीच जमलं तर सुरू होताना तीनदा मध्येच पॉवर तोडा, म्हणजे दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्या विंडोजमध्ये, जाऊन नुकतंच आलेलं अपडेट किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढा. या वाटेवर तो ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली, मागू शकतो. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. तुमच्याकडे त्या खात्याचा पासवर्ड आहे का, हे आजच मोबाइलवरून लॉगिन करून बघा आणि आकडे कागदावर उतरवून ठेवा. तुमच्या बाबतीत याची गरज दुसऱ्या कारणानेही पडेल: टीव्हीवर काही आलंच नाही, तर एसएसडी (सगळा डेटा साठवणारी डिस्क) काढून बाहेरच्या डबीत घालून डेटा काढावा लागेल, आणि डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर ती किल्लीशिवाय उघडणार नाही. दुकानदार कितीही हुशार असला तरी.

समजा सगळं करून संशय खरोखर बोर्डावरच्या ग्राफिक्स चिपवर आला. तेव्हा ‘हीट गन (गरम हवेचा झोत) मारून चालू करून देतो, २,००० द्या’ असं कुणी म्हणालं तर देऊ नका. लॅपटॉप चालू होईल, खोटं नाही ते. आठवडाभर चालेल, कधी महिनाभर. २००७-०८ च्या सुमाराच्या एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिप अशाच जायच्या. कंपनीला २००८ मध्ये त्यासाठी १९.६ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्या चिपच्या आतले, सिलिकॉनला तळाशी जोडणारे बारीक सांधे तडकायचे. उष्णता दिली की ते तात्पुरते टेकायचे आणि पडदा उजळायचा. आम्हीही तेव्हा, नवे होतो, ‘रीबॉल केलं’ म्हणून पाठ थोपटून घेतली. पण रीबॉलमध्ये चिपखालचे कथलाचे गोळे बदलतात, आतले सांधे तेच राहतात. तोच लॅपटॉप पावसाळ्याच्या आत परत यायचा. नवी चिप बसवणं किंवा बोर्ड बदलणं हाच त्यावर इलाज होता, आणि पाच वर्षांच्या मशीनवर तेवढा खर्च करावा का, हा हिशेब मालकाने करायचा असतो, दुकानदाराने नाही.

पाण्याचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, पण चहा-पाणी सांडून काळा झालेला पडदा असेल तर वरचं एकही अक्षर वाचू नका, कुठलीच परीक्षा करू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर चिखलाने भरलेले किती लॅपटॉप हाताखालून गेले त्याची गणती नाही. जे तसेच बंद आणले, त्यांतले काही धुऊन, वाळवून उभे राहिले. ‘चालू होतंय का बघूया’ म्हणून ज्यांनी बटण दाबलं, त्यांच्या बोर्डावरच्या तारा हिरव्या पडून खाल्ल्या गेलेल्या. पाणी एकटं तेवढं नुकसान करत नाही, पाणी आणि वीज मिळून करतात. आणि तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, तांदूळ मात्र वाया जातात.

आता दुकानात परत जाल तेव्हा. बाहेरचा मॉनिटर तुमच्यासमोर लावायला सांगा. काय गेलंय ते भागाच्या नावाने पावतीवर लिहून घ्या, ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’ असं नको. रॅम आणि एसएसडीवरच्या नंबरांचा फोटो काढून ठेवा. काढलेला जुना भाग परत मागा; चांगला कारागीर तो न मागताच पिशवीत घालून देतो. डेटा काढून झाला असेल तर पिन द्यायची गरज नाही, पडदा लागला की नाही हे लॉगिनच्या चौकटीवरही दिसतं. आणि बोर्ड बदलणारा दुकानदार आणि बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर ही दोन वेगळी माणसं असतात. पहिल्याकडे सूक्ष्मदर्शक आणि डीसी सप्लाय (बोर्डाला मोजून वीज देणारं यंत्र) नसतो, म्हणून त्याला प्रत्येक आजार बोर्डाचा वाटतो. तो फसवतोच असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे हत्यार तेवढंच आहे.

टॉर्चमध्ये काही दिसलं का, टीव्हीवर चित्र आलं का, आणि झाकण हलवताना पडदा चमकला का, या तिन्हींची उत्तरं कळवा. तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही लिहा, म्हणजे केबल कुठली लागेल ते सांगता येईल. मुलीला म्हणावं, टीव्हीसमोर बसून सबमिशन पुरं कर, लॅपटॉपचं नंतर बघू.